टायर फक्त एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) बघून घेऊ नका
बर्फ वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच पडतो तर आहेत तेच उन्हाळी टायर चालतील का, या प्रश्नात थंडी राहूनच गेलीये. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, मग बर्फ नसला तरी ग्रिप कमीच. त्यामुळे अशा हवेला ऑल-वेदर (उन्हाळा-हिवाळा दोन्हीला चालणारे) टायर बेस्ट, वर्षभर तेच ठेवा, दोन सेट सांभाळायची कटकट नाही. पण नुसतं एम प्लस एस लिहिलेलं बघून घेऊ नका, ते कंपनी स्वतःच छापते, त्याला बर्फावरची टेस्ट लागत नाही, साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं, ते टेस्ट पास झाल्यावरच मिळतं. अर्थात ती टेस्ट दाबून बसलेल्या हिमाची, काचेसारख्या गोठलेल्या थरावर त्याचा भरवसा नको.

आणि काहीजण म्हणतात की फोर व्हील ड्राइव्ह असेल तर टायर कसेही चालतात, ते अजिबात पटलं नाही, गाडी निघेल मस्त पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात की, थांबताना त्याचा काय फायदा! बदलायचे तर चारही बदला, नुसते पुढचे बदलले तर वळणावर मागचा भाग घसरतो. ट्रेड (टायरवरच्या खाचांची खोली) ४ मिमीच्या खाली गेला असेल तर बर्फात चिन्ह असून नसल्यासारखंच.