गोळी, लस की मोबाइल? स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) कारणांबद्दल नक्की काय ठरलंय?

दादर_टीटी
सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामोलवर बोट ठेवलं, तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर तीन पक्ष पडलेत: गोळी, गोवर-रुबेलाची लस आणि मोबाइल. मतं नकोत, ती ग्रुपवर ढिगाने आहेत. कुठल्या दाव्यामागे कसला अभ्यास आहे आणि तो कुठे लंगडा पडतो, एवढं सांगा.

बारा_डब्यांची
लशीचा निकाल कधीच लागलाय. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा लेख आला. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा स्वमग्नतेशी संबंध त्यात सुचवला होता, मुलं मात्र अवघी १२. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून त्यांचं नाव गेलं. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या (२०१९). एमएमआर घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक निघाला नाही. जपानच्या योकोहामात १९९३ ला एमएमआर बंद झाली, तरी निदानाचे आकडे चढतच राहिले.

मग संशय का टिकतो? आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत पडतो, आणि काही स्वमग्न मुलांचे आलेले शब्द साधारण त्याच वयात गळतात. आईबापांना डोस तेवढा आठवतो. अमेरिकेत पुढे स्वमग्नतेचं निदान झालेल्या मुलांच्या पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ नंतर तपासले गेले. समोर केक आहे, मागून कोणी नावाने हाक मारतंय, मूल वळत नाही. तिथे एमएमआर वर्ष उलटल्यावर देतात, म्हणजे या खुणा डोसच्या आधीच्याच. लस चुकली की काय होतं ते २०२२ च्या गोवराच्या साथीत मुंबईतल्या गोवंडीने पाहिलंच.

औषधं_वाचून_घ्या
गोळीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. स्वीडनमधल्या सुमारे २४.८ लाख मुलांच्या अभ्यासात (२०२४) दहा वर्षांपर्यंत स्वमग्नतेचं प्रमाण गोळी घेतलेल्यांच्या मुलांत १.५३ टक्के, न घेतलेल्यांच्या १.३३. ग्रुपवर फिरतो तो एवढाच भाग. पुढे त्यांनी भावंडं ताडून पाहिली: आई तीच, एका गरोदरपणात गोळी घेतली, दुसऱ्यात नाही. फरक नाहीसा झाला. म्हणजे बोट आईच्या आनुवंशिकतेकडे, किंवा ज्या दुखण्यापायी गोळी घेतली त्याच्याकडे जातं.

शंकासुर
पण त्या नोंदीत फक्त ७.५ टक्के गरोदर बायकांनी गोळी घेतल्याचं दिसतं. इतर देशांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. दुकानातून परस्पर घेतलेली गोळी तिथे नोंद ठेवणाऱ्या सुईणीच्या वहीत चढतेच असं नाही. ‘न घेतलेल्यां’मध्ये घेणाऱ्या मिसळल्या की खरा परिणाम असला तरी पुसट होणार.

औषधं_वाचून_घ्या
मान्य. भावंडं ताडून पाहताना अशी मिसळ जास्तच नडते. म्हणून मी ‘दोष सिद्ध नाही’ इतकंच म्हणेन. पण त्यापायी ताप अंगावर काढू नये. पहिल्या तिमाहीतला मोठा ताप बाळाच्या मज्जारज्जूच्या जडणघडणीला घातक ठरू शकतो. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच आणि लागेल तितकेच दिवस घ्यावी. सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटून वाचा, त्यातही बहुधा पॅरासिटामोल असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो. कॉम्बिफ्लाम ही साधी तापाची गोळी समजली जाते, पण तिच्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे. २० आठवड्यांनंतर ते बाळाच्या मूत्रपिंडाला बाधू शकतं.

गंमत म्हणजे ज्या औषधाविरुद्ध पुरावा दणदणीत आहे, त्याचं नाव ग्रुपवर कोणी काढत नाही: आकडीवरचं व्हॅल्प्रोएट. डेन्मार्कच्या २०१३ च्या अभ्यासात गरोदरपणी ते घेतलेल्यांच्या मुलांत स्वमग्नता ४.४ टक्के, एरवी १.५. तरी ते स्वतःहून बंद करायचं नाही, आकडी उलटते. बदल करायचा तो दिवस राहण्याआधी, मेंदूविकारतज्ज्ञाकडून.

दादर_टीटी
आणि मोबाइल? शिवाय अमेरिकेत स्वमग्नतेचं प्रमाण २००० मध्ये १५० मुलांमागे १ होतं, ते २०२२ मध्ये ३१ मागे १ झालं, ते कसं?

बारा_डब्यांची
बराचसा भाग मोजपट्टी बदलल्याचा. व्याख्या रुंदावली आणि चाळणी लहान वयापासून लागली. सगळी वाढ तेवढ्याने भागत नाही. अपुऱ्या दिवसांची वाचलेली बाळं आणि वाढलेलं आईबापांचं वय हेही त्यात आहे. मुळात पाच देशांतल्या २० लाख मुलांच्या अभ्यासात (२०१९) सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ (स्क्रीनमुळे आली म्हणतात ती स्वमग्नता) हे अधिकृत निदान नाही. स्क्रीनने बोलणं लांबू शकतं हे खरं, पण जे मूल माणसांकडे कमी वळतं तेच स्क्रीनला जास्त चिकटतं, त्यामुळे आधी काय झालं हे सांगणं अवघड. मोबाइल काढून सहा महिने वाट पाहू नका. हाकेला ओ देत नसेल तर आधी कानाची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी), त्यासाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट या स्वमग्नतेच्या चाळणीच्या प्रश्नावलीचे २० प्रश्न भरा. ३ ते ७ गुण आले तर प्रश्न पुन्हा खोदून विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञाकडे.