अ‍ॅना गेली म्हणून एल्वेटी संपली? ('अतेग्नातोस'च्या निमित्ताने)

रानवारा:
काल दुसऱ्या धाग्यावर एकाने दोन ओळींत निकाल लावला: अ‍ॅना मर्फी ही गायिका बँड सोडून गेल्यावर एल्वेटी हा लोकवाद्यं आणि मेटल मिसळणारा स्विस बँड म्हणजे गिटार लावलेलं पॉप, त्यांचा २०१९ चा अल्बम 'अतेग्नातोस' तिसऱ्यांदा ऐकवेना. हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा.

पॉपच म्हणायचं तर २०१२ च्या 'हेल्वेतिओस'मधलं 'अ रोझ फॉर एपोना' काय होतं? सरळ कडवं, मोठं धृपद, पुढे अ‍ॅनाचा आवाज. २०१४ चं 'कॉल ऑफ द माउंटन्स' तर स्विस जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्शमध्येही काढलं होतं. तेव्हा कुणी ओरडलं नाही. नवी गायिका फाबिएन एर्नी गायली की लगेच पॉप?

आणि क्रम बघा. मे २०१६ मध्ये अ‍ॅना, गिटारवादक इवो आणि ड्रमर मेर्लिन तिघेही बाहेर पडले. ऑगस्ट २०१७ ला 'इव्होकेशन २' आला, तो पूर्ण अकूस्टिक. त्यात फाबिएनच्या आवाजाला गिटारच्या डिस्टॉर्शनशी, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाशी झुंजायचंच नव्हतं. तिची खरी परीक्षा ५ एप्रिल २०१९ ला 'अतेग्नातोस' आला तेव्हा झाली, आणि ती त्यात उत्तीर्ण आहे.

गतपट्टी:
आवाजावर तुझं म्हणणं मान्य करू एकवेळ. पण तू प्रश्नच चुकीचा धरलास. अ‍ॅना नुसती गायिका नव्हती, हर्डी-गर्डीही (चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य) तिचीच होती. 'अतेग्नातोस'मध्ये फाबिएन गायली आणि हार्प वाजवली, गर्डी मिखालिना मालिशकडे होती. एका माणसाचं काम दोघींत वाटलं गेलं. उजव्या हाताने चाक फिरवत गाणाऱ्याचा श्वास चाकाच्या ठेक्याला बांधला जातो, शब्द तिथेच पडतात. ती वीण गेली. मालिश वादक म्हणून कमी आहे असं मी म्हणत नाही.

कोरडा स्नेअर:
वीणबिण सोडा, मिक्सचं बोला, म्हणजे ध्वनिमुद्रणात कुठला आवाज किती वर ठेवला त्याचं. स्त्रीचा आवाज स्पष्ट होतो तो साधारण २ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये. डिस्टॉर्टेड गिटार तिथेच, गर्डीचे हार्मोनिक्सही (वरचे उपस्वर) तिथेच. गायन सुरू झालं की दोन्ही गिटार ३ किलोहर्ट्‌झच्या आसपास २-३ डेसिबल खाली घ्यायच्या आणि गर्डी एका बाजूला सरकवायची, नाहीतर तिघांचा चिखल होतो. इथे आवाज वाचवला, गर्डी बुडवली. यात गायिकेचा काय दोष?

गतपट्टी:
गर्डी मिक्समध्ये बुडते तशी मुळातही बिघडते, ते कुणी बोलत नाही. तिच्या 'त्रोंपेत' नावाच्या तारेखालची घोडी (तार पेलणारा लाकडी तुकडा) एका बाजूने सैल असते. मनगटाने चाकाला झटका दिला की ती पाय आपटते आणि खर्रर्र वाजतं. आपल्या तंबोऱ्याच्या जवारीची चुलत बहीण म्हणा, फक्त जवारी सतत बोलते आणि ही झटक्यालाच. ती किती चटकन बोलेल हे एका छोट्या खुंटीच्या दोऱ्याने ठरतं. दोरा जास्त ताणला तर घोडी सतत गुरगुरते, सैल सोडला तर झटका वायाच जातो. हा खर्रर्र म्हणजे तालवाद्य आहे! मेटलमध्ये स्नेअर ड्रम त्याच जागी पडतो आणि हा खर्रर्र गिळला जातो.

सोनकी:
त्यात कापूस राहिला. चाकाला जिथे तार टेकते तिथे कापसाचं पातळ वेष्टन लागतं. कमी झालं तर तार खरखरते, जास्त झालं तर सूर घुसमटतो. चाकावर राळ जास्त लागली की किंचाळतं. लाकूड फुगून चाक गोल राहिलं नाही तर प्रत्येक फेऱ्याला आवाज हेलकावतो. शिवाय सुराच्या दोन तारा एकसुरात हव्यात, आणि पट्टी दाबल्यावर तारेला टेकणाऱ्या लाकडी जिभा एकेक वळवून लावाव्या लागतात. स्टेजवरच्या उष्णतेत हे तासाभरात ढळतं. एवढं सांभाळून गायचंही, हे एकाच माणसाकडून मागणं अन्याय आहे. काम वाटून घेतलं ते बरंच झालं.

रानवारा:
धागा गायिकेबद्दल आहे, कापसाबद्दल नाही!

गतपट्टी:
वाद्य कळल्याशिवाय गायिकेची जागा कशी कळणार? तुला फक्त 'फाबिएन छान' ऐकायचं असेल तर तसं शीर्षक दे.

कोरडा स्नेअर:
भांडू नका. फिनट्रोल हा फिनलंडचा फोक-मेटल बँड बघा. त्यांचा गायक काटलाला स्वरयंत्राच्या गाठीमुळे थांबावं लागलं, मग विल्स्का, २००६ पासून व्रेथ. बँड तोच वाटतो.

सोनकी:
वाटणारच, तिथे गुरगुराट (घशातून खरखरीत गाणं, 'ग्राउल') आहे. गुरगुराटात पोत ओळखू येतो, माणूस कमी. स्वच्छ गाण्यात स्वर लावायची सवय, शब्द सोडायची पद्धत, सगळं उघडं असतं. शिवाय एल्वेटीत गायक क्रीगेल ग्लान्समानचा गुरगुराट पहिल्यापासून आहेच, तो कुठे बदलला? म्हणून फिनट्रोलचा दाखला इथे लागू नाही.

कोरडा स्नेअर:
हे मात्र बरोबर. दाखला मागे घेतो. मिक्सबद्दलचं नाही.

गतपट्टी:
रानवाऱ्याचा 'एपोना'चा मुद्दा मी पुन्हा ऐकून तपासला. धृपद पॉपच्या घाटाचं आहे, खरंय. म्हणजे पॉप अ‍ॅनाच्या काळातच शिरलं, फाबिएनला त्याचा दोष देता येत नाही. एवढं मान्य. पण 'अतेग्नातोस'मधलं 'अँबिरामूस' हेडफोनवर लाव आणि फक्त गर्डीची खर्रर्र किती वेळा मोजता येते ते सांग.

रानवारा:
लावतो. नीट मोजून सांगतो. आणि जेवढी ऐकू येईल तेवढी मालिशच्या खात्यावर धरायची, मिक्सवाल्याच्या नाही, हे आधीच ठरवून घे.