गाड्या उभ्या आहेत, चालक टिकत नाहीत. पगाराखेरीज काय करावे?

प्रश्न : वाडीचा वाहतूकदार

नमस्कार. नागपूरजवळच्या वाडी येथे माझा मालवाहतुकीचा छोटा व्यवसाय असून स्वतःच्या ९ गाड्या आहेत. बुटीबोरी आणि हिंगणा औद्योगिक वसाहतींतून माल भरून आम्ही मुख्यतः रायपूर आणि हैदराबाद या दोन बाजूंना जातो. दिवाळीपासून या ९ पैकी ३ गाड्या चालकाअभावी आवारात उभ्या आहेत. कर्जाचा हप्ता चालू आहे, विमा चालू आहे, आणि उभ्या गाडीचे टायर उन्हाने खराब होत आहेत ते वेगळेच. आमच्या कार्यालयात किल्ल्या अडकवायची एक लाकडी फळी आहे. पूर्वी तिच्यावर एखादीच किल्ली दिसे, कारण बाकी सगळ्या गाड्या रस्त्यावर असत. आता त्यांतल्या ३ किल्ल्यांवर धूळ बसली आहे.

नागपुरात कामाला तोटा नाही. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा-पारादीप हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आपल्याच शहराशी एकमेकांना छेदतात, आणि समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईकडचे भाडेही विचारले जाऊ लागले आहे. मी गेल्या दीड वर्षात दोनदा पगार वाढवला, खुराकी म्हणजे वाटेतल्या जेवणाचा भत्ता वाढवला, तरी वर्षभरात ७ चालक सोडून गेले. त्यांतल्या ज्यांचा पत्ता लागला त्यांपैकी एकही दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे गेलेला नाही, ही गोष्ट मला अधिक बोचते. एक जण शाळेची बस चालवतो, दोघे गोदामात लागले, दोघे शिवनीकडे आपल्या गावी शेतीत परतले, आणि उरलेल्या दोघांचा पत्ता लागला नाही. जे जातात ते हा धंदाच सोडून जातात. ज्यांनी चालक टिकवून दाखवले आहेत त्यांनी, आणि शक्य असल्यास स्वतः चालक असलेल्यांनी, कृपया स्पष्ट लिहावे.

उत्तर १ : बावीस वर्षे स्टेअरिंगवर

भाऊ, आपण विचारले आहे म्हणून मनापासून लिहितो. मी २२ वर्षे जड गाडी चालवली आणि दोन वर्षांपूर्वी सोडली. पगार कमी होता म्हणून सोडली नाही.

माझी शेवटची फेरी सांगतो. नागपूरहून माल भरून रायपूरच्या पलीकडच्या एका कारखान्यात जायचे होते. सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता मी ९ तासांत कापला आणि सोमवारी पहाटे ६ वाजता फाटकावर उभा राहिलो. तिथल्या माणसाने हातात चिठ्ठी दिली, तिच्यावर ८४ हा आकडा होता आणि आत ४० वा क्रमांक चालू होता. गाडी खाली झाली बुधवारी दुपारी. या अडीच दिवसांत मला गाडीपासून शंभर पावलेही लांब जाता आले नाही, कारण क्लीनर नव्हता, डिझेलची टाकी आणि स्टेपनी राखायची होती, आणि क्रमांक पुकारला तेव्हा गाडी जागेवर नसेल तर पुन्हा शेवटी जावे लागते. शौचालय फाटकाच्या आत होते आणि चालकांना आत जायची परवानगी नव्हती. मे महिना होता. दुपारी केबिनचा पत्रा हाताला चटका देत असे, म्हणून मी गाडीखाली गोणपाट टाकून झोपत होतो. परत आल्यावर हिशेबाला बसलो तेव्हा मला एका फेरीचे पैसे मिळाले, आणि दोन पोती भिजली म्हणून त्यातून कापलेही गेले. ती पोती फाटकावर उभे असताना झालेल्या पावसात भिजली होती.

आपण महिन्याचा पगार देता की फेरीवर देता, हे आपण लिहिलेले नाही. फेरीवर देत असाल, तर फेरीचा दर कितीही वाढवा, महिन्याला ८ फेऱ्यांऐवजी ५ झाल्या की चालकाच्या हातात कमीच पडणार. गाडी चालली तर पैसे आणि उभी राहिली तर आमचे नशीब, ही विभागणी आम्हांला कुणी विचारून केलेली नाही.

दुसरे असे की क्लीनरची जागा मालकांनीच बंद केली. मी स्वतः ४ वर्षे क्लीनर होतो. टायर बदलायला, ताडपत्री बांधायला, घाटात कोणत्या गिअरमध्ये उतरायचे हे ओळखायला मला माझ्या उस्तादांनी शिकवले, आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसून त्यांनीच माझ्या हातात पहिल्यांदा स्टेअरिंग दिले. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान १ वर्ष हातात हवा. ही मधली वर्षे मुलगा क्लीनर म्हणून काढत असे आणि त्याला पोटापुरते मिळतही असे. आठवी पास असण्याची अट सरकारने २०१९ मध्ये काढली, तरी नवे चालक वाढले नाहीत, कारण शिकण्याची जागाच उरलेली नाही. एका क्लीनरचा खर्च वाचवून आपण सर्वांनी पुढचा चालक गमावला, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २ : हिशेबनीस, नागपूर

मी अनेक वाहतूकदारांचे हिशेब पाहतो, त्यामुळे वरच्या उत्तरातील फाटकावरच्या अडीच दिवसांबद्दल कागदाच्या बाजूने लिहितो.

मालाच्या वेळेचा हिशेब आपल्याकडे काटेकोर आहे. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कर-कागदाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला १ दिवस अशी मोजली जाते आणि ती संपली की दंडाची भीती असते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके उठले, म्हणजे तिथे जाणारे तास वाचले. परंतु ते वाचलेले तास चालकाच्या पदरात पडले नाहीत. ते कारखान्याच्या फाटकावर खर्च होऊ लागले, आणि तिथे त्यांची नोंद कुणीच ठेवत नाही.

वास्तविक कायद्याची भूमिका स्पष्ट होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवली, आणि कामगार मालकाच्या किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन असतो तो वेळ कामाचा वेळ मानला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नेही कामाच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवले. माझ्या अनुभवात मात्र लहान मालकांकडे चालकाच्या नावाचे हजेरीपत्रकच नसते. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने, आणि दिलेल्या उचलीपुढे वहीत चालकाचा अंगठा. असा माणूस ज्या दिवशी जातो त्या दिवशी त्याच्या मागे काही उरत नाही, म्हणून त्याला जाताना काही गमावल्यासारखेही वाटत नाही.

आपल्याकडे ९ गाड्या आहेत, म्हणजे चालक, कार्यालयातील माणसे आणि हमाल मिळून १० च्या वर कामगार सहज होत असतील. तसे असेल तर कामगार राज्य विमा योजनेचा प्रश्न आपल्याला लागू होतो, आणि संख्या २० वर गेली तर भविष्य निर्वाह निधीचाही. पुष्कळ मालक याला ओझे समजतात. मी उलट पाहिले आहे. एका मालकाच्या चालकाच्या पत्नीची शस्त्रक्रिया विम्यातून झाली, आणि तो चालक आजतागायत त्याच गाडीवर आहे.

तातडीने करण्यासारखी गोष्ट एकच सांगतो. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, गाडी फाटकावर पोहोचल्याची आणि खाली झाल्याची वेळ लिहायला दोन रकाने छापून घ्या. २४ तासांपुढील प्रत्येक दिवसाचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, माल पाठवणाऱ्याच्या बिलात लावा आणि त्यातील ठरावीक हिस्सा चालकाच्या बँक खात्यात जमा करा.

उत्तर ३ : भंडारा रोडवरून

हिशेबनीस साहेबांचा सल्ला योग्य आहे, पण तो अमलात आणणे ते म्हणतात तितके सोपे नाही, हे नम्रपणे नोंदवतो. मी हॉल्टिंगचे बिल लावले तेव्हा एका मोठ्या ग्राहकाने ते कापले आणि पुढच्या महिन्यापासून माझे भाडेच बंद केले. कळमन्यापासून वाडीपर्यंत त्याच दरात गाडी देणारे दहा जण तयार असताना एकट्याने अडून चालत नाही.

म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. रायपूरच्या ओळखीच्या एका मालकाशी बोलून देवरीच्या पुढे एका पेट्रोल पंपावर चालक बदलायचे ठरवले. माझा चालक नागपूरहून भरलेली गाडी तिथवर नेतो, त्यांचा चालक तिकडून माझी दुसरी गाडी घेऊन आलेला असतो, दोघे गाड्यांची अदलाबदल करतात आणि माझा माणूस रात्री घरी जेवायला असतो. फाटकावर उभे राहणे त्यांच्या स्थानिक चालकाच्या वाट्याला येते, आणि त्याला जवळ घर असल्यामुळे भावाला बसवून तो अंघोळीला तरी जाऊ शकतो. सुरुवातीला डिझेल आणि टायरवरून रोज भांडणे होत. आता बदलीच्या वेळी डिझेलचा काटा, किलोमीटर आणि सगळे टायर यांची छायाचित्रे दोघेही पाठवतात, त्यामुळे वाद बराच मिटला. हैदराबादच्या बाजूला आदिलाबादेत असे करण्याचा माझा प्रयत्न मात्र फसला, कारण तिकडे भरवशाचा जोडीदार मिळाला नाही. या व्यवस्थेत गाडीवर एक चालक ही जुनी माया राहत नाही आणि गाडीची निगा थोडी कमी होते, हेही मान्य करतो. तरीही गेल्या १४ महिन्यांत माझा एकच चालक सोडून गेला.

उत्तर ४ : चालकाची मुलगी

माझे बाबा चालक आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला आणि नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा लोक चालकांना नावे ठेवत होते. निष्काळजीपणे झालेल्या जीवघेण्या अपघातानंतर पोलिसांना न कळवता निघून गेल्यास १० वर्षांपर्यंत कैद, असे भारतीय न्याय संहिता या नव्या फौजदारी कायद्याचे कलम १०६ (२) होते. सरकारने ते अद्याप लागू केलेले नाही, परंतु त्या दिवसांपासून आई बाबांना गाडी सोडायला सांगते आहे. थांबलो तर जमाव मारतो आणि निघालो तर तुरुंग, हे बाबांनी घरात इतक्या शांतपणे सांगितले की माझ्या भावाने त्यानंतर स्टेअरिंगचे नाव काढले नाही. अपघात झाल्यास मालक स्वतः पोलीस ठाण्यात येईल, वकील देईल आणि त्या काळात घरी पगार पाठवील, एवढे कुणी लिहून दिले तर आई थोडी निश्चिंत होईल. बाबांच्या मालकांनी आजवर तोंडीसुद्धा तसे म्हटलेले नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : वाडीचा वाहतूकदार

सर्वांचे मनापासून आभार. बावीस वर्षेवाल्या दादांनी विचारले त्याचे उत्तर देतो : मी फेरीवरच पैसे देतो. काल रात्री मागच्या तीन महिन्यांच्या बिल्ट्या काढून बसलो. पोहोचल्याची वेळ कुठेच लिहिलेली नाही, म्हणून टोलच्या फास्टॅग नोंदींवरून अंदाज काढला. सोडून गेलेल्या एका चालकाचे ३० पैकी ११ दिवस फाटकांवर गेले होते, आणि त्या ११ दिवसांचे मी त्याला काहीही दिलेले नाही. हे मला माहीत असायला हवे होते.

पुढील महिन्यापासून निश्चित पगार आणि त्यावर फेरीचा भत्ता, अशी रचना करतो आहे. थांबण्याचा भत्ता ग्राहकाने दिला नाही तरी दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या खिशातून देईन. माल भिजल्याची आणि कमी भरल्याची कपात चालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय होणार नाही. अपघाताच्या वेळी मालकाने काय करायचे, ते ताईंनी लिहिले आहे त्याच शब्दांत नेमणूकपत्रात घालतो. दोन गाड्यांवर क्लीनर परत ठेवणार आहे, त्यासाठी कोणाच्या ओळखीत होतकरू मुलगा असेल तर कळवावे.

भंडारा रोडवरील बंधूंना एक विनंती. माझ्या रायपूरच्या ४ गाड्या तुमच्या देवरीच्या व्यवस्थेत घेता येतील का? छायाचित्रे आणि डिझेलचा हिशेब तुम्ही म्हणाल त्या पद्धतीने ठेवीन. शनिवारी सकाळी तुमच्याकडे यायची माझी तयारी आहे.