मदत हवी आहे: नवऱ्याची ट्रेनिंगमधली पत्रं जपायची आहेत

नवरा सैन्यात भरती झाला तेव्हा सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये फोन जवळपास नव्हताच, म्हणून तो पत्रं लिहायचा. दिवे बंद व्हायच्या आधी, वहीचं पान फाडून, मांडीवर ठेवून. ओळी तिरप्या, मध्येच पेन बदललेलं. एका पत्रात वाक्य अर्धंच आहे आणि खाली नुसतं, ‘शिट्टी झाली, उरलेलं उद्या’. पायाचे फोड, बुटांचं पॉलिश, शेजारच्या खाटेवरचं घोरणं, सगळं त्यात आहे. मला ही पत्रं मुलांसाठी टिकवायचीच आहेत.

घड्यांवर कागद फाटायला लागलाय. चिकटपट्टी पिवळी पडून डाग सोडते, लॅमिनेशन नंतर निघत नाही, त्यामुळे ते दोन्ही नको. आम्लरहित, म्हणजे कागद खराब न करणारं फोल्डर घेतेय, ६०० डीपीआयला (बारीक तपशील येईल असं) स्कॅनही करणार आहे. पण पेन्सिलीने लिहिलेली पानं एकमेकांना घासून पुसट होतायत, त्यांच्यामध्ये काय घालावं? फाटलेल्या घडीला जपानी टिश्यू (दुरुस्तीसाठी वापरतात तो पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने घरी जोड देता येतो का, की जाणकाराकडेच द्यावं? शिवाय बऱ्याच पत्रांवर तारीख नाही, लिफाफ्यांवरचे शिक्केही अस्पष्ट आहेत. नवऱ्यालाही क्रम आठवत नाही. मजकुरावरून तो कसा लावायचा? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.