मदत हवी आहे: ग्राहक आयोगाची नोटीस आली, पण तक्रारीची प्रत नाही

नमस्कार मंडळी. लातुरात माझा अकरावी-बारावीचा छोटा क्लास आहे. एका पालकांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. प्रवेश अर्जाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय, 'भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही'. पोरगं बाराच दिवस आलं होतं. खरं सांगतो, अट जाचकच आहे, दुसऱ्याच्या अर्जावरून जशीच्या तशी उचललेली. फी परत द्यायला तयार आहे. पण पालकांच्या वकिली नोटिशीत वरून 50 हजार नुकसानभरपाई मागितलीय, त्यावर तरी माझं ऐकून घ्यावं की नाही?

आयोगाच्या लिफाफ्यात नुसती नोटीस निघाली. लेखी म्हणण्याला (तक्रारीवरच्या उत्तराला) 30 दिवस, फार तर आणखी 15, त्यापुढे एक दिवसही नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलंय. मुदत तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून धरायची, हेही त्यातच आहे. नुसती नोटीस मिळून आज 22वा दिवस.

प्रत मिळाली नाही हे नोंदीवर कसं आणू? साधा अर्ज चालतो का? शिवाय 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची (ग्राहकावर एकतर्फी जाचक अटी लादणाऱ्या कराराची) तक्रार राज्य आयोगाकडे जाते म्हणतात, तो मुद्दा लेखी म्हणण्यातच घ्यायचा का? की सरळ मध्यस्थी मागू? सोमवारी तारीख आहे.