वाडग्याच्या आत समोरासमोर दोन खरबरीत पट्टे, तेल लावल्यावर काळे पडले. मदत हवी आहे

नमस्कार. लेथवर कातलेला एक वाडगा शेवटच्या टप्प्यावर अडलाय. हा तुकडा मला काहीही करून वाचवायचाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड आंब्याचं. ओला ओंडका मिळाला होता. उभा चिरून मधला गाभा काढून टाकला आणि २५ सेंटिमीटर व्यासाचा वाडगा ओबडधोबड कातून ठेवला, भिंत अडीच सेंटिमीटर जाड सोडून. मेण फासून कागदी पिशवीत ठेवला आणि दर १५ दिवसांनी वजन करत गेलो. सहा महिन्यांनी वजन उतरायचं थांबलं. तोवर तो एका बाजूने आकसून चांगलाच लंबगोल झाला होता, पण तेवढ्यासाठीच तर जाडी ठेवली होती. परत चकमध्ये (लेथवर लाकूड पकडून ठेवणाऱ्या जबड्यात) धरून गोल केला. आता भिंत ९ मिलिमीटर आहे.

बाहेरची बाजू सुरेख आली. आत मात्र काठापासून दोन बोटं खाली, समोरासमोर दोन पट्टे राहिलेत. हात फिरवला की बाकी सगळीकडे बोट सरकत जातं आणि तिथे आलं की मांजराच्या जिभेवरून उलटं फिरवल्यासारखं अडतं. उजेडात धरलं तर बारीक बारीक खड्डे दिसतात, तंतू मुळासकट उपटल्यासारखे. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून ४०० पर्यंत गेलो, लेथ ७०० आरपीएमवर. कोरडं असताना वाटलं, गेले. काल संध्याकाळी जवसाचं तेल लावलं आणि दोन्ही पट्टे काळपट होऊन वर आले.

घासत राहू, की परत गाउज (कातायचं पन्हाळीसारख्या पात्याचं हत्यार) लावू? चकमध्ये धरायचं बूड अजून कापलेलं नाही.

प्रतिसाद १

बूड ठेवलंत हे फार चांगलं केलंत. घासणं मात्र आत्ता थांबवा. दोन गोष्टी सांगा: आतून कातताना गाउज कुठून कुठे नेत होता? आणि शेवटचा हात मारायच्या आधी धार लावली होती का?

मूळ धागाकर्ता

काठाकडून मध्याकडेच नेत होतो. पण तळ झाल्यावर काठाजवळ थोडा उंचवटा दिसला, म्हणून खालून वर असा एक हात मारला. धार सकाळी लावली होती, कातलं दुपारी.

प्रतिसाद १

मग कारण तिथेच आहे. आडव्या तंतूंच्या, म्हणजे तंतू तोंडाला समांतर असलेल्या वाडग्यात प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंचे पोट, म्हणजे त्यांची लांब बाजू लागते आणि दोनदा त्यांची टोकं. टोकांच्या भागात धार अर्धा वेळ तंतूंच्या कलाने जाते आणि अर्धा वेळ उलटी. उलट्या भागात तंतूला मागून आधार नसतो, तो कापला न जाता वाकतो आणि उपटतो. म्हणून पट्टे दोनच, आणि समोरासमोर. आतून काठाकडून मध्याकडे आणि बाहेरून बुडाकडून काठाकडे गेलं की तंतूला मागच्या तंतूचा आधार मिळतो. तो उलटा हात तुम्हाला महागात पडला, बोथट धारेने भर घातली.

पेपरने हे का जात नाही तेही सांगतो. तंतूंचं पोट टोकांपेक्षा लवकर झिजतं. चालत्या लेथवर घासत बसाल तर खड्डे तिथेच राहतील, आजूबाजूची भिंत खाली जाईल आणि वाडगा हाताला उंचसखल लागायला लागेल. उपटलेले तंतू जास्त तेल पितात, म्हणून काळेपणा.

आता उपाय. चकमध्ये धरून हाताने सावकाश फिरवा. टूल रेस्टचं (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीचं) टोक काठाजवळ आणून ठेवा आणि फट पाहा, वाडगा अजून गोल आहे का ते कळेल. फट सगळीकडे सारखी असेल तर नुकती धार लावलेला गाउज, बेव्हल (धारेमागचा उतार) टेकवून, काठाकडून आत, अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तेल ओलं आहे हे उलट सोयीचं आहे, भिजलेले तंतू मऊ पडतात आणि स्वच्छ कापले जातात. फट कमीजास्त होत असेल तर चालत्या लेथवर कातूच नका, ९ मिलिमीटरची भिंत थरथरेल.

प्रतिसाद २

फट कमीजास्त निघाली तर लेथ बंद ठेवून गोलसर कडेच्या पत्र्याच्या स्क्रेपरने फक्त ते दोन पट्टे खरवडा. वेळ लागतो, पण धोका शून्य. त्यानंतर तेल पूर्ण वाळू द्या, नाहीतर पेपर लगेच भरतो. सुरुवात १८० ने नको, ८० ने करा. ८० चे ओरखडे दिसले तरी घाबरू नका, खड्डे गेल्याशिवाय १२० हातात घ्यायचा नाही. प्रत्येक नंबरनंतर धूळ पुसा आणि दिवा बाजूने तिरपा धरून पाहा, वरून पडलेल्या उजेडात काहीच कळत नाही.

आणि कळकळीने सांगतो, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मूळ धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय. फट एका बाजूला जवळपास मिलिमीटरभर जास्त निघाली, म्हणून लेथ चालू केलाच नाही. स्क्रेपरने खरवडलं, पहिल्या पट्ट्याला पाऊण तास लागला. कागदासारखी पातळ सालं निघायला लागली तेव्हा जिवात जीव आला. तेल वाळल्यावर ८०, १२०, १८०, २४०, ३२०, सगळं हाताने. आता बोट कुठेच अडत नाही. परत तेल लावल्यावर त्या दोन जागा किंचित गडद दिसतात, पण डाग म्हणून नाही, सावलीसारख्या. हे तंतूंच्या टोकांमुळे राहणारच, की अजून एक थर दिल्यावर जुळून येईल?

प्रतिसाद १

राहणारच. टोकं तेल जास्त पिणारच, कितीही स्वच्छ कापली तरी. बाहेरच्या बाजूला त्याच रेषेत पाहा, तिथेही तशीच सावली दिसेल. आता बूड कापायला हरकत नाही.