भाऊ जर्मनीहून परत यायचं म्हणतो, फेलोशिपच्या भरवशावर यावं का?

धरमपेठची_ताई:
नमस्कार मंडळी, माझा लहान भाऊ ८ वर्षांपासून जर्मनीत आहे, बायोटेकमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करून राहिला. बाबा गेले तेव्हापासून आई माझ्याकडे असते, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला काय जेवला ते विचारते अन् फोन ठेवला की बराच वेळ गप्पच बसते. आता तो म्हणतो रामलिंगस्वामी फेलोशिपचा फॉर्म भरतो, परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठी सरकारची आहे ती. अशा स्कीममधून कोणी परत आलं आहे का इथे? पैसे वेळेवर येतात का?

परतलेला_नागपूरकर:
ताई, मी रामानुजन फेलोशिपवर आलो, तीही परतणाऱ्या संशोधकांसाठीच. ५ वर्षं, महिन्याला १ लाख ३५ हजार, वरून वर्षाला ७ लाख संशोधनासाठी. नागपुरात घर चालायला भरपूर झाले. ग्रँटचा पहिला हप्ता मात्र ७ महिन्यांनी आला, तोवर शेजारच्या लॅबचं सेंट्रिफ्यूज संध्याकाळी ६ नंतर मागून वापरलं, केमिकल खिशातून आणले. तेही निभतं हो. खरी काळजी सहाव्या वर्षाची. फेलोशिप म्हणजे पक्की नोकरी नाही, चौथं वर्ष लागलं की माणूस पेपर लिहायचं सोडून जाहिराती पाहत बसतो, माझं तेच झालं, ज्या कामासाठी आलो तेच मागे पडलं. म्हणून ज्या संस्थेत येणार तिथे जागा निघणार आहे का ते आधीच विचारायला सांगा.

सीए_सीताबर्डी:
टॅक्सचं सांगतो. इतकी वर्षं बाहेर राहून आला की सुरुवातीची साधारण २-३ वर्षं 'रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट' धरतात, म्हणजे टॅक्सपुरता पूर्ण रहिवासी नाही, तिकडच्या ठेवींवरच्या व्याजावर इथे टॅक्स नाही. त्यामुळे तिकडची खाती घाईने मोडू नका.

मिहानवाला:
वहिनी काय करतात? कारण आपल्याकडच्या स्कीम एकट्या माणसाला धरून असतात, परत येतं ते अख्खं घर. तैवानने १९८० मध्ये शिंचूला सायन्स पार्क काढला अन् १९८३ मध्ये तिथेच शाळा काढली, परतणाऱ्यांच्या लेकरांसाठी दोन भाषांत शिकवणारी. मलेशिया परतणाऱ्या तज्ज्ञांना ५ वर्षं सरळ १५ टक्के टॅक्स लावते, शिवाय परदेशी नवरा-बायकोला कायम राहायचा अर्ज करता येतो. आपल्याकडे घरच्यांचा असा विचार व्हायलाच पाहिजे.

धरमपेठची_ताई:
वहिनी तिकडे लॅबमध्येच आहे, तिच्या नोकरीचं आम्ही कोणी विचारलंच नाही, वाईट वाटून राहिलं आता. नीरीत (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) त्याची बोलणी सुरू आहेत, सहाव्या वर्षाचं तिथे विचारायला सांगते. आज कॉलवर आधी वहिनीशी बोलते.